रवी 9 इंची, चौकोन 5 इंची: माझं गणित कुठे चुकतंय?

टाचणी | शनिवार, सकाळी 10:12

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

भावाला मुलगी झाली. बारसं पुढच्या महिन्यात सांगलीला, आणि मी इकडे ओहायोत बसून 'दुपटं मी शिवणार' असं फोनवर सांगून मोकळी झाले. शेजारच्या आजींनी त्यांचा एक जुना नमुन्याचा कागद दिला, चर्न डॅश नावाच्या ब्लॉकचा. चर्न डॅश म्हणजे लोणी काढायच्या लाकडी बुधल्यातला घुसळायचा दांडा. थोडक्यात, आपली रवी. नाव कळल्यावर दुसरा नमुना बघितलाच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तीन बाय तीन घरं. चार कोपऱ्यांत दोन त्रिकोण जोडून केलेले चौकोन (इथे सगळे एचएसटी म्हणतात, मीही तेच लिहिते), चार बाजूंना दोन-दोन पट्ट्यांच्या जोड्या, मधे एक अख्खा चौकोन.

कागदावरचा ब्लॉक शिवून तयार 9 इंचाचा. माप असं: एचएसटीसाठी 3 7/8 इंचाचे चौकोन, पट्ट्या 3 1/2 बाय 2, मधला चौकोन 3 1/2. माझ्याकडे आहे चार्म पॅक, म्हणजे 5 इंचाचे तयार कापलेले 42 चौकोन, सगळे वेगवेगळ्या छापाचे. ते कापून लहान करायला जीव होईना. म्हणून हिशेब केला की मधला साडेतीनचा पाच झाला, म्हणजे 1.43 पट. मग सगळ्यालाच 1.43 ने गुणलं. एचएसटीचे चौकोन साडेपाच, पट्ट्या 5 बाय 2 7/8.

नशीब, आधी जुन्या चादरीवर करून बघितलं. मधली ओळ वरच्या-खालच्या ओळींपेक्षा चांगली पाव इंच लांब आली. दोनदा उसवलं. शिलाई सरळ आहे, कापणी बरोबर आहे, रोटरी कटरचं पातंसुद्धा नवीन घातलं. मग चुकतंय काय?

---

हातचा_एक | शनिवार, सकाळी 11:03

शिलाई चुकली नाही, कापणी चुकली नाही. तुम्ही मायेला गुणलंत.

कागदावरची मापं कापायची आहेत, म्हणजे त्यात शिलाईची माया (शिलाईच्या आत जाणारं कापड) धरलेली आहे. पाव इंच या बाजूला, पाव त्या बाजूला. ब्लॉक 9 चा असो की 90 चा, माया पाव इंचच राहते. तुम्ही कापडाबरोबर मायाही 1.43 पट केलीत, शिवताना मात्र पाव इंचच घेतलीत. उरलेली माया कुठे जाणार? ती ब्लॉकमध्ये येऊन बसली. आणि प्रत्येक तुकड्यात माया सारखी नसते, त्यामुळे प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या मापाने फुगला.

तुमच्याच आकड्यांवर बघू. मधला चौकोन 5. साडेपाचच्या चौकोनांचा एचएसटी शिवून उघडला की 5 1/8. 2 7/8 च्या दोन पट्ट्या जोडल्या की पावणेसहातून अर्धा गेला, 5 1/4. मधली ओळ: 5 1/4 + 5 + 5 1/4, वजा दोन शिलायांचा एक इंच = 14 1/2. वरची ओळ: 5 1/8 + 5 + 5 1/8, वजा एक = 14 1/4. हा घ्या तुमचा पाव इंच.

आधी माया काढा, मग गुणा, मग माया परत घाला. एचएसटीला काढायची माया 7/8, बाकी सगळ्याला अर्धा इंच. म्हणजे कागदावरची सगळी घरं मुळात 3 इंचाची आहेत. तो 3 हा खरा आकडा, बाकीचं त्याच्यावर चढवलेलं.

---

उंटावरून | शनिवार, सकाळी 11:20

आमच्या आजीने आयुष्यात पाऊणशे गोधड्या शिवल्या, टेप घरात नव्हता. वीत आणि बोटं. 7/8 वगैरे वाचून मला दहावीचा पेपर आठवला.

---

वाकळ | शनिवार, दुपारी 12:41

@उंटावरून, आजीला टेप लागला नाही कारण गोधडीत तुकडा तुकड्याला जोडायचाच नसतो. मी अजूनही तशीच शिवते. जुनं लुगडं खाली अंथरायचं, चार कोपऱ्यांवर वजनं ठेवायची, वर हाताला लागतील ती ठिगळं मांडायची, कडा आत दुमडायच्या आणि सगळ्या थरांतून धावदोरा घालत कडेकडेने आत जायचं. ठिगळ अर्धा इंच मोठं असलं तर शेजारच्यावर चढतं, लहान असलं तर खाली लुगडं दिसतं, तिथे आणखी एक चिंधी. खालचं लुगडं सगळं पोटात घालतं.

टाचणीचं काम वेगळं आहे. तिथे आधी नुसता वरचा थर जोडून उभा करायचा असतो, खाली काही नसतं. एक तुकडा चुकला की ओळ चुकते. दोन्ही केलंय म्हणून सांगते, या कामाला टेप लागतोच. (पाऊणशे खरंच? की आजीच्या माघारी आकडा वाढला?)

---

टाचणी | शनिवार, दुपारी 1:15

हातचा_एक, डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आता परत करते. मधला चौकोन 5 म्हणजे माया काढून साडेचार. 3 चे साडेचार, म्हणजे दीडपट. ब्लॉक साडेतेरा इंचाचा. पट्ट्या 5 बाय पावणेतीन. एचएसटीसाठी साडेचार अधिक 7/8, म्हणजे 5 3/8 चे चौकोन.

आणि इथे परत अडले. माझे चौकोन 5 चे. त्यातून 5 3/8 कसा काढू?

---

सुईचं_नेढं | शनिवार, दुपारी 1:32

काढायचा कशाला? पाचाचेच दोन चौकोन एकमेकांवर उलटे ठेव, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीने रेघ मार, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिलाई मार, रेघेवर काप. दोन एचएसटी मिळतील, साडेचारचे. मी नेहमी तसंच करते, इथे मेलबर्नला आमच्या गटात सगळ्या तसंच करतात.

---

रंधा | शनिवार, दुपारी 2:08

@सुईचं_नेढं, पद्धत बरोबर, पण कुठलं साडेचार म्हणताय ते बघा. शिवून उघडल्यावर, माया धरून, पाच इंचाचा एचएसटी 4 इंच 5 सूत येतो. तो छाटून 4 1/2 करतात. ब्लॉकमध्ये शिवला की राहतो 4. टाचणीताईंना शिवल्यावर साडेचार राहायला हवाय. अर्ध्या इंचाचा फरक आहे.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वडील सुतारकाम करायचे, आमच्या घरी 7/8 ला कुणी 7/8 म्हणत नसे, सात सूत. बायकोच्या क्विल्टिंगची मापं मी सुतातच करून देतो, तिला सोपी जातात. पाव इंच दोन सूत, अर्धा चार सूत. एकदा सवय झाली की बेरीज तोंडी होते.

---

सुईचं_नेढं | शनिवार, दुपारी 2:15

हो की! मी नेहमी छाटून साडेचार करते आणि तेच आकडे डोक्यात बसलेत. मागे घेते.

---

उंटावरून | शनिवार, दुपारी 2:30

पण सात सूतच का? माया दोन्हीकडून पाव-पाव म्हणजे चार सूत. वरचे तीन कुठून आले? (हो, वाचतोय. काय करणार, शनिवार आहे.)

---

हातचा_एक | शनिवार, दुपारी 3:02

तिरप्या शिलाईमुळे. कडेच्या दोन शिलायांची माया पाव आणि पाव. तिसरी शिलाई कर्णावरून जाते, तिची माया पाव इंचच, पण कर्णाला काटकोनात. ती कडेवर मोजली की √2 ने वाढते, 0.35 इंच. एकूण 0.854. जवळचा वरचा सूत 0.875, म्हणजे 7/8. जो बारीक फरक उरतो तो छाटणीत जातो.

---

रंधा | शनिवार, दुपारी 3:40

आता मूळ प्रश्नाकडे. ताई, तुम्ही मधल्या चौकोनापासून सुरुवात केलीत, तिथेच वाट चुकली. मधला चौकोन सगळ्यात गरीब बिचारा, कुठल्याही मापाला तयार असतो. हट्टी आहे तो एचएसटी. त्याच्यापासून धरा.

पाच इंचाच्या चौकोनाचा एचएसटी शिवल्यावर 4 राहतो (छाटून). मग घर 4 चं, ब्लॉक 12 चा. आता बाकीचं बघा. मधला चौकोन 4 1/2, तुमचा पाचाचा चार-चार सूत छाटायचा. पट्ट्या 4 1/2 बाय 2 1/2. आणि पाचाचा चौकोन बरोबर मधोमध कापला की किती? 5 बाय 2 1/2. लांबीत चार सूत छाटलं की काम झालं. रुंदीला कात्री लावावी लागत नाही.

साडेतेराच्या हिशेबात पट्टी पावणेतीन रुंद हवी होती, म्हणजे पाचाच्या चौकोनातून एकच निघाली असती आणि उरलेली सव्वादोनची पट्टी कशाच्याच उपयोगाची नाही. बारात दोन निघतात.

---

टाचणी | शनिवार, दुपारी 4:05

म्हणजे मी जीव तोडून मोठं करत होते आणि थोडं कमी मोठं केलं असतं तर सगळं आपोआप बसलं असतं. 9 चे 12, घर 3 चे 4. कमाल आहे.

एकच रुखरुख, प्रत्येक चौकोनाची थोडी तरी कड जातेच आहे.

---

वाकळ | शनिवार, दुपारी 4:30

जाऊ दे की. मूळ 9 इंचीच ठेवला असतास तर एचएसटीसाठी पाचाचे 3 7/8 करावे लागले असते. 25 चौरस इंचांतले 10 कचऱ्यात. तिथे रडायचं, इथे नाही. आणि छाटलेल्या कडा फेकू नकोस, दोन सुती चिंध्यांत भरून टाचण्यांची उशी कर. नावाला शोभेल.

---

सुईचं_नेढं | शनिवार, संध्याकाळी 5:10

भरपाई म्हणून एक उपयोगी गोष्ट. कुणाकडे 10 इंची चौकोनांचा गठ्ठा असेल (लेयर केक म्हणतात, आणि अडीच इंची पट्ट्यांच्या गुंडाळीला जेली रोल, नावं ठेवणारी माणसं बहुतेक उपाशी होती), तर दोन चौकोनांतून एकदम आठ एचएसटी निघतात. दोन्ही कर्ण आखायचे, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना शिलाई, मग उभा-आडवा मधोमध आणि शेवटी कर्णांवर काप. तेही 4 इंच 5 सुताचेच येतात. दहाच्या निम्मे पाच, त्यामुळे साहजिकच.

पण एक पद्धत टाळ. दोन चौकोनांना चारही कडांनी शिवून मग दोन्ही कर्णांवर कापायचं, चार एचएसटी एका दमात. व्हिडिओत फार छान दिसतं. पाचाच्या चौकोनाचे जेमतेम 3 इंच 1 सुताचे होतात आणि बाहेरच्या सगळ्या कडा उरेब (विणीला तिरप्या) येतात. इस्त्री फिरवली की ताणल्या जातात, मग चौकोनाचा शंकरपाळा.

---

टाचणी | रविवार, सकाळी 9:20

काल रात्री पहिला ब्लॉक खऱ्या कापडाचा केला. दोन प्रश्न.

एक: माझ्या चौकोनांच्या कडा करवतीसारख्या दातेरी आहेत. 5 इंच हे दाताच्या टोकापासून धरायचं की खाचेपासून?

दोन: सगळं छाटूनही ब्लॉक 12 1/2 यायला हवा तो 12 1/4 आला. यावेळी निदान चारही बाजूंनी सारखा आला, म्हणून उसवला नाही.

---

हातचा_एक | रविवार, सकाळी 10:02

दातांचं उत्तर तुमच्या टेपकडे आहे. कंपनीगणिक फरक असतो. टोक ते टोक मोजा. 5 भरले तर फुटपट्टी आणि शिलाई दोन्ही टोकांपासून धरा, खाचेपासून धरली तर तुकडा लहान होईल. टोक ते टोक पाचाहून जास्त भरलं तर खाचेपासून बघा. पॅकमधले चार-पाच चौकोन मोजा, एकावर जाऊ नका. तुमच्या ब्लॉकमध्ये तर दातेरी कडा बहुतेक छाटल्याच जाणार आहेत.

दुसऱ्याचं कारण पाव इंच जरा जास्त होतोय. ब्लॉकमध्ये एका ओळीत दोन शिलाया, प्रत्येक शिलाईला दोन्ही बाजूंचं कापड, म्हणजे चार पाव इंच. प्रत्येक ठिकाणी अर्धा सूत जास्त गेला की चार जागी मिळून दोन सूत. तेच तुमचे गेलेले पाव इंच.

---

रंधा | रविवार, सकाळी 10:25

बायकोची चाचणी सांगतो. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडा, इस्त्री करा, मोजा. एकूण 3 1/2 आणि मधली बरोबर 1 इंच यायला हवी. कमी आली तर सुई एक दोरा उजवीकडे सरकवा, किंवा मशीनच्या पत्र्यावर टेप चिकटवून त्याच्या कडेने कापड चालवा. खरा पाव इंच नको, दोराभर कमी पाव इंच हवा, कारण कापड शिलाईवर दुमडतं तेव्हा घडीत थोडं जातं. करवतीने लाकूड कापताना पात्याची जाडी सोडावी लागते, तसंच.

---

वाकळ | रविवार, सकाळी 11:48

आणि इस्त्री घासू नकोस, ठेव आणि उचल. एचएसटीचा कर्ण उरेब असतो, घासला की ओढला जातो. कापायच्या आधी हलकी खळ देऊन इस्त्री केलीस तर कापड कागदासारखं वागतं. चौकोन आधी धुऊ मात्र नकोस. एवढे लहान तुकडे धुतले की कडा पिंजतात आणि पाचाचे पाच राहत नाहीत. रंगाची भीती असेल तर ओला पांढरा रुमाल गडद छापावर दाबून बघ.

---

टाचणी | सोमवार, रात्री 8:50

तीन पट्ट्यांची चाचणी केली. मधली पट्टी एक सूत कमी! सुई सरकवली, परत केली, बरोबर इंच. नवीन ब्लॉक 12 1/2. आनंदाने घरभर दाखवत फिरले. नवरा म्हणाला, "छान, पण कालचा पण असाच होता ना?"

आता कापडाचा हिशेब बघता का कुणी? नऊ ब्लॉक, तीन बाय तीन, 36 बाय 36 इंच.

---

हातचा_एक | सोमवार, रात्री 9:34

एका ब्लॉकला छापाचे चौकोन: चार एचएसटींसाठी दोन, चार पट्ट्यांसाठी दोन. एकूण 4. नऊ ब्लॉकना 36. तुमच्याकडे 42, उरले 6. मधला चौकोनही छापाचा घेतलात तर नऊ लागतील, तीन कमी पडतात. म्हणजे सहा ब्लॉकांत मध्य छापाचा, तीनमध्ये पांढरा.

पांढरं कापड: 5 इंचाचे 18 चौकोन, 4 1/2 बाय 2 1/2 च्या 36 पट्ट्या, 4 1/2 चे तीन मध्य. कापडाचा वापरायचा पन्हा 42 धरला तर 5 इंचाच्या एका पट्टीत 8 चौकोन. तीन पट्ट्यांत 24, त्यातले 18 एचएसटीला, उरलेल्या सहांतून तीन मध्य सहज. 15 इंच झाले. 4 1/2 इंचाच्या पट्टीत अडीच-अडीचचे 16 तुकडे, 36 ना तीन पट्ट्या, साडेतेरा इंच. एकूण 28 1/2. एक यार्ड, म्हणजे 36 इंच घ्या. पहिली पट्टी वाकडी कापली जाणार हे त्यात धरलंय.

---

उंटावरून | सोमवार, रात्री 9:50

तीन पांढरे मध्य कर्णावर ठेवा. एका रेषेत बरे दिसतील. (हे आजीने सांगितलं असतं.)

---

सुईचं_नेढं | मंगळवार, पहाटे 5:15

उंटावरून खाली उतरलात तर!

टाचणी, जोडताना एकच लक्षात ठेव: चारही एचएसटींचा छापाचा त्रिकोण बाहेरच्या कोपऱ्याकडे असेल तर पट्ट्यांचा छापही बाहेरच्या बाजूला हवा, किंवा दोन्ही आत. नऊही ब्लॉकांत एकच पद्धत धर. शिवायच्या आधी गादीवर मांडून फोटो काढ, फोटोत चूक लगेच दिसते.

---

टाचणी | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री 10:30

झालं! नऊ रव्या, 36 बाय 36, पावाच्या पावाचाही फरक नाही. पांढरे मध्य कर्णावरच ठेवले. आत बॅटिंग (दोन थरांमधलं मऊ भरण) घातलं नाही. आईची एक मऊ झालेली सुती साडी मी इकडे येताना आणली होती, तिचे दोन पदर घातले. पाठीला पिवळं कापड. वाकळताईंनी सांगितलं तसा कडेकडेने आत जाणारा धावदोरा हातानेच घातला, मशीनला हात लावला नाही. अंगठ्याला भोक पडलंय.

उंटावरून, चाळीस तास लागले. आजींचे पाऊणशे आता मला खरे वाटायला लागलेत.

काल कुरिअर केलं. आज आईला व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला. चष्मा लावून दोन मिनिटं बघत बसली आणि म्हणाली, "सुरेख. पण ती मधल्या ओळीतली तिसरी, तिचा एक कोपरा उलटा घुसळतोय."

---

सुईचं_नेढं | सोमवार, पहाटे 5:40

गादीवर मांडून फोटो काढला होतास ना?

---

टाचणी | सोमवार, सकाळी 7:05

काढला होता. आत्ता मोठा करून बघितला, त्यातही उलटाच आहे.